डॉलरच्या गालावरची कानस

एलवुड डेटवायलर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला त्याचा इतका राग येणार आहे की सांगायचं राहून जाईल. राग त्याचा एकट्याचा नाही. त्या शनिवारी फायरहाउसच्या, म्हणजे गावच्या आगीच्या बंबांच्या ठाण्याच्या, तळघरात बसलेल्या सगळ्यांचाच आला होता, आणि घरी पोचेपर्यंत माझ्या बहिणीचाही आला. उरले मी. माझं माझ्याशी कधीच पटलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न नाही.

एलवुड कुलपांच्या कारखान्यात फिटर होता. शाळा सोडली त्या उन्हाळ्यात लागला आणि कारखाना बंद पडला तेव्हाच बाहेर आला. काम एकच, कानस मारायची. कुलपाची जीभ खाचेत अडकत असेल तर ती पोलादी जीभ शिकंज्यात धरायची, कानस मारायची, अंगठा फिरवून बघायचं, परत कानस. त्याच्या अंगठ्याचं कातडं म्हशीच्या शिंगासारखं झालं होतं, पण त्या कातड्याला केसाएवढा उंचवटा समजायचा. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारो न विचारो. नम्रता त्याच्या अंगाला लागलेली नव्हती. चर्चच्या जेवणावळीत शेजारी एलवुड बसला की लोक घास गिळायच्या आधी दुसरी खुर्ची बघायचे.

कारण त्याचा विषय ठरलेला. नाणी. त्यातही साधी नाणी नाहीत. आपल्या देशाची टांकसाळ नवीन असताना, फिलाडेल्फियात घोड्यांच्या आणि माणसांच्या जोरावर चालत असताना पाडलेली चांदीची नाणी, आणि त्यातली चुकलेली. ठसा एकीकडे सरकलेली. दोनदा ठोकली गेलेली. एका वर्षाच्या आकड्यावर दुसऱ्या वर्षाचा आकडा बसलेली. बाकीच्या जगाला वस्तू निर्दोष लागते, या मंडळींना चुकलेली लागते, आणि चूक जेवढी मोठी तेवढी मान डोलावून दाद. आमच्या गावात अशा लोकांचा क्लब आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी फायरहाउसच्या तळघरात जमतात, प्रेट्झेल खातात, बर्चबिअर नावाचं गोड पेय पितात आणि भिंगातून एकमेकांच्या चुका बघतात. मी सभासद नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायचे, म्हणून कॉफीचं मोठं भांडं आणि काकवीचा पाय, म्हणजे कणकेच्या पारीत काकवी भरून भाजलेला गोड पदार्थ, माझ्या गळ्यात. नवरा गेल्यावर घरी बसून काय करू, म्हणून तेही करत आले.

एलवुडची सगळ्यात लाडकी चूक म्हणजे सतराशे पंच्याण्णवचा एक चांदीचा डॉलर. तो त्याला एका शेतावरच्या लिलावात दिसला. जुन्या बटणांच्या डब्यात पडला होता, आणि ज्या माणसानं डबा घेतला त्याला तो खराब वाटला. एलवुडनं त्याला तिथल्या तिथं आपली हरणाच्या शिकारीची बंदूक दिली आणि डॉलर घेतला. हरणांचा हंगाम पुढच्या आठवड्यात सुरू होणार होता. त्या हिवाळ्यात माझ्या बहिणीनं, वर्नानं, मांसाशिवाय दिवस काढले. बटाटे, नूडल आणि लाल बीटाच्या आंबट पाण्यात मुरवलेली अंडी. ती काही बोलली नाही. ती बोलतच नसे.

त्या डॉलरवर स्वातंत्र्याची बाई आहे, मोकळ्या केसांची. ठसा जरा सरकून बसलाय, म्हणून एका बाजूच्या चांदण्या कडेला अर्ध्याच कापल्या गेल्यात. आणि बाईच्या कानापासून हनुवटीपर्यंत तिरप्या खोल रेघा. एकमेकींना लागून. एखाद्या मांजरानं पंजा मारावा तशा. कुणीही म्हणेल की नाण्याची वाट लावली कुणी तरी. तसं नव्हतं. तेव्हा चांदीची चकती आधी तोलायचे. जड भरली तर टांकसाळीतला माणूस ती कानशीनं घासून हलकी करायचा आणि मग ती ठशाखाली जायची. ठशाच्या दणक्यानं या रेघा बहुतेक वेळा दबून जातात. या माणसानं इतक्या जोरात घासल्या की दबल्या नाहीत. त्या बाईचा चेहरा त्या रेघांवरच उमटला.

"हा ओरखडा नाही," एलवुड म्हणायचा. "हा हात आहे. माझ्यासारखाच कुणी तरी बाकावर बसला होता. सकाळची वेळ असणार, कारण जोर बघ. दुपारी एवढा जोर राहत नाही. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. हीच त्याची सही."

हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. वर्नानं किती वेळा ऐकलं असेल त्याचा हिशोब देव करो.

क्लबात त्याचा धाक होता. नाण्याला हात लावणाऱ्याचा त्याला संताप यायचा. नाणं घासायचं नाही, उजळायचं नाही, वाकलेलं सरळ करायचं नाही. एका प्लंबरनं बिचाऱ्यानं आपलं जुनं अर्ध्या डॉलरचं नाणं दात घासायच्या पेस्टनं लख्ख करून आणलं, कौतुकाच्या आशेनं. एलवुडनं त्याला सगळ्यांदेखत इतकं झापलं की तो कोट विसरून गेला. पुढच्याच सभेत एलवुडनं नियम करून घेतला, की नाण्याच्या अंगाला जो हात लावेल तो क्लबबाहेर, हात वर करून मतदान आणि विषय संपला. सगळ्यांनी हात वर केले. डॉ. हाफरांनी पण.

डॉ. हाफर म्हणजे आमच्या गावचे दातांचे डॉक्टर आणि क्लबचे अध्यक्ष. गावातल्या निम्म्या तोंडांत त्यांचे हात जाऊन आलेत. मऊ बोलणारे, नीटनेटके, पांढऱ्या भुवया. आकड्यावर आकडा बसलेली नाणी जमवायचे. कानशीच्या रेघा म्हणजे काय, हे त्यांना एलवुडएवढंच ठाऊक होतं. त्यांनीच एकदा पडद्यावर चित्रं दाखवून त्यावर भाषण दिलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण नंतर काही लोक म्हणाले, बिचाऱ्या डॉक्टरांना माहीत नसेल. त्यांना चांगलं माहीत होतं.

मग एलवुडचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधोमध काळा डाग आला आणि पसरत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. समोर माणूस उभा असेल तर खांदे दिसायचे, तोंड नाही. भिंग निरुपयोगी झालं. एका दुपारी त्यानं लँकेस्टरच्या व्यापाऱ्याला बोलावलं आणि सगळा संग्रह विकून टाकला. डबे गाडीत चढवताना व्हरांड्यात उभा होता, कुणाला हात लावू दिला नाही पाठीला.

एकच ठेवला. तो डॉलर. "हा मला दिसतो," म्हणाला, आणि अंगठा वर करून दाखवला.

त्यानंतर रोजचं ठरलेलं. रात्रीचं जेवण झालं की ताट पुढे सारायचं, रुमाल पसरायचा, त्यावर डॉलर. मग अंगठा. कानापासून हनुवटीपर्यंत, परत कानापासून. आणि तोंडानं तेच, बाक, सकाळ, जोर, सही. वर्ना त्याच्या कोपरांखालून ताटं काढायची. मी रविवारी जेवायला असायचे तेव्हा बघायचे. मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला एक खेळणं लागतं. वर्नाला काय वाटायचं हे मी विचारलं नाही, आणि ती आपण होऊन सांगणारी नव्हती.

आमच्या क्लबची एक रीत आहे. सभासदाला पन्नास वर्षं झाली की त्याचं सगळ्यात आवडतं नाणं त्याच्या घरच्यांनी गुपचूप आणून द्यायचं. क्लब ते जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पाट्यांमध्ये बसवतो, चार कोपऱ्यांना चार स्क्रू, खाली पितळी पट्टीवर नाव. मग सभेत अचानक पुढ्यात ठेवायचं. म्हातारे रडतात. रीत चांगली आहे, मी वाईट म्हणत नाही.

एलवुडची पन्नास वर्षं त्या वसंतात भरली. डॉ. हाफर वर्नाकडे गेले आणि तिनं त्यांना डॉलर दिला. एलवुडला सांगितलं, घराला रंग द्यायचाय, रंगारी येणार-जाणार, म्हणून बँकेत ठेवलाय. रंगारी खरोखरच बोलावला. स्वयंपाकघर पिवळं करून घेतलं. मला तेव्हा वाटलं, वर्नाला इतकं छान खोटं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

त्या दिवसांत एलवुडनं घर डोक्यावर घेतलं. जेवण झालं की अंगठा टेबलाच्या कडेवर फिरायचा, सुरीच्या मुठीवर फिरायचा. "रंग अजून वाळला नाही?" रोज तेच. "काय राजवाडा रंगवतोय का तो?" वर्ना म्हणायची, "दमट हवा आहे."

तो शनिवार उजाडला. तळघरात नेहमीपेक्षा जास्त माणसं. बायका आल्या होत्या, चिकन पॉटपायची, म्हणजे कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेल्या कणकेच्या तुकड्यांची, दोन भांडी आली होती. एलवुडला कुणकुण लागली होती, त्याच्यासारख्याला न लागून कशी राहील. नवा शर्ट घालून बसला होता आणि काही माहीत नसल्याचं सोंग करत होता. वाईट सोंग करत होता.

डॉ. हाफर उठले. चार चांगले शब्द बोलले. लमार म्हणून आमचा सेक्रेटरी आहे, लाकडाच्या वखारीतला, त्यानं ती पाटी एलवुडच्या पुढ्यात ठेवली. टाळ्या झाल्या. एलवुडनं डोकं तिरपं केलं, कडेच्या नजरेनं काही दिसतंय का बघायला. दिसली असेल तर एक चकाकी.

"वाच की कुणी तरी," तो म्हणाला. मी पितळी पट्टी वाचली. त्याचं नाव, गावाचं नाव, पन्नास वर्षं.

"आणि बाई कशी दिसतेय?"

लमार म्हणाला, "झकास दिसतेय रे, एलवुड. अगदी तरणी दिसतेय."

तो सहज बोलला होता. पण एलवुडनं प्लास्टिकवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "स्क्रू काढा."

डॉ. हाफर म्हणाले, "आता राहू द्या, एलवुड. घरी गेल्यावर निवांत काढा. पॉटपाय गार होतोय."

"पॉटपाय गेला खड्ड्यात. माझ्यात आणि तिच्यात हे प्लास्टिक नको. लमार, तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर असतो."

लमारकडे असतोच. चार स्क्रू निघाले. डॉलर एलवुडच्या तळहातावर आला. खोलीत सगळे हसत होते, कारण आता म्हातारा रडणार. त्यानं अंगठा कानावर ठेवला आणि हनुवटीकडे नेला. थांबला. परत नेला.

"हा माझा नाही," म्हणाला.

"तुझाच आहे रे," लमार म्हणाला.

एलवुडनं नखानं कड चाचपली. अर्ध्या कापलेल्या चांदण्या होत्या. एकेक मोजल्यासारखं नख फिरलं. कड त्याचीच होती. मग परत अंगठा गालावर. त्याच्या तोंडाचा रंग उतरत गेलेला मी पाहिला, आणि त्यानंतर जो चढला तोही पाहिला.

"गाल कुणी घासला?"

 कॉफीच्या भांड्याचा आवाज तेवढा चालू.

"मी," डॉ. हाफर म्हणाले. "मी स्वतः केलं, एलवुड. दवाखान्यात, रविवारी रविवारी बसून. सगळ्यात बारीक हत्यारानं. घाई केली नाही. आधी रेघांच्या कडा उतरवल्या, मग दातांना लावतो त्या पेस्टनं सपाट केलं. केसांना धक्का लावला नाही. असं काम मी कुणाच्या तोंडातसुद्धा केलेलं नाही."

आणि त्या माणसाच्या आवाजात अभिमान होता. मी शपथेवर सांगते. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजलं. दात किडला म्हणून कोरावा तसा यांनी दोनशे वर्षांचा एक माणूस कोरून काढला आणि वर कारागिरी सांगतायत.

एलवुड इतकी वर्षं त्यांना तुम्ही म्हणायचा. ते त्या दिवशी संपलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "तूच भाषण दिलंस इथं उभं राहून. तुला माहीत होतं ते काय आहे."

"होतं."

"माझे डोळे गेलेत हेही माहीत होतं."

"हो."

"मग आंधळ्याची काठी मोडून तिला रंग कसला देतोस, हरामखोरा? चोरानं नेला असता तर बरं झालं असतं. चोरानं जसाच्या तसा ठेवला असता. दात उपटता उपटता तुला वाटायला लागलं की जगात जे जे खडबडीत आहे ते तुझ्या बापाचं."

डॉ. हाफर उभेच होते. त्यांनी एकदा वर्नाकडे पाहिलं. वर्ना टेबलाच्या टोकाला, पॉटपायच्या भांड्याजवळ, मांडीवर हात ठेवून बसली होती. मला वाटलं, बाईमाणसासमोर शिव्या खाव्या लागतायत म्हणून लाजून पाहिलं असेल. मीही गप्प बसले नाही. म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला काही तरी वाटायला हवं होतं."

"वाटतंय, आर्लीन," ते म्हणाले. बस, एवढंच.

"नियम आहे," एलवुड म्हणाला. "नाण्याच्या अंगाला हात लावेल तो बाहेर. लमार, मत घे."

लमार गडबडला. "अरे, आज? आज तुझा मानाचा दिवस."

"आजच घे. मान झाला माझा."

मत घेतलं. एक हात वर गेला, मग दुसरा, मग भीतीनं बाकीचे. अध्यक्षालाच काढायचं म्हणून कुणाला आनंद होत नव्हता, पण एलवुडपुढे हात खाली ठेवायची कुणाची छाती नव्हती. डॉ. हाफरांनी कोट घेतला. टोपी घेतली. जाताना दार हळू लावलं, दवाखान्याचं लावतात तसं.

काकवीचा पाय कुणी खाल्ला नाही. मी तो तसाच परत डब्यात घातला आणि दोघांना गाडीत बसवलं. एलवुड पुढे माझ्या शेजारी, वर्ना मागे. डॉलर त्याच्या मुठीत होता. तो सारखा बोलत होता. हाफरला, हाफरच्या बापाला, दातांच्या सगळ्या जमातीला. मी हो ला हो म्हणत होते आणि मनापासून म्हणत होते.

पशुखाद्याच्या गिरणीजवळ आलो तेव्हा तो जरा शांत झाला. मागे मान वळवून म्हणाला, "वर्ना, तू रडू नकोस. तुझ्यावर माझा राग नाही. त्यानं मागितला आणि तू दिलास. तुला बिचारीला काय कळणार नाण्यातलं."

वर्ना रडत नव्हती. मी आरशात पाहिलं.

"मीच त्याला सांगितलं," ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"रेघा काढायला."

मी गाडी बाजूला घेतली. घेतली नसती तर खड्ड्यात घातली असती.

"तो नको म्हणत होता," वर्ना म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, बाजारातून काय आणायचं ते सांगताना असतो तसा. "म्हणाला, वर्ना, हे पाप आहे, एलवुड मला मारून टाकेल. मी म्हटलं, त्याला दिसत नाही आता. तरी नको म्हणाला. मग मी त्याच्या दवाखान्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसले. शेवटी हो म्हणाला. एकदा हत्यार हातात घेतल्यावर त्यालाही मजा आली असेल, ते मला माहीत नाही."

"मग तिथं तोंड का उघडलं नाहीस?" मी म्हणाले. माझा आवाज चढला. "माणसाला हाकलून दिलं तुझ्यासमोर. लोकांनी हात वर केले. आणि तू पॉटपायशेजारी पुतळ्यासारखी बसलीस?"

"उघडलं असतं तर एलवुड म्हणाला असता, जाऊ दे, तिला काय कळतं. आणि सगळे हसले असते. आत्ता म्हणालाच की."

एलवुड अजून तोच धागा धरून होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसा. "हे बघ," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि तो सूर ऐकून मलाच त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. "तुला वाटलं असेल तो ओरखडा आहे. घरातल्या बाईला तसंच वाटणार. भांड्याला ओरखडा पडला की घासायचं. तू चांगल्या मनानंच सांगितलं असशील. हाफरला कळायला हवं होतं. चूक त्याची आहे."

"चकती जड भरली," वर्ना म्हणाली. "तोलणाऱ्यानं बाजूला काढली. कानसवाल्यानं शिकंज्यात न धरता बोटांत धरली, म्हणून रेघा तिरप्या आहेत. आधी कानाकडून हनुवटीकडे मारली, मग परत एकदा वरून, म्हणून कानाजवळ दुहेरी आहेत. हात उजवा. वेळ सकाळची. मग घोड्यांनी फिरवायच्या यंत्रातून आलेली ती चकती ठशाखाली नीट बसली नाही, म्हणून चांदण्या कापल्या. अजून सांगू? मला सगळं माहीत आहे, एलवुड. रोज जेवणानंतर मीच ऐकते. दुसरं कोण ऐकतं? काय जाणार आहे ते मला पुरतं माहीत होतं. म्हणून तर सांगितलं."

एलवुडचा अंगठा मुठीतल्या डॉलरवर फिरायचा थांबला.

"एवढी नाणी विकलीस," ती म्हणाली. "डोळे गेल्यावर हातानं ओळखता येईल अशी एक गोष्ट ठेवलीस. मी समोरच बसते. टेबलाच्या त्या बाजूला. लग्न झाल्यापासून."

बाहेरून एक ट्रक गेला आणि गाडी हलली.  मला दोघांचा राग आला होता आणि तो कुठं ठेवावा कळत नव्हतं. तिचा, कारण तिला त्याला दुखवायचं होतं तर स्वतःच्या हातानं दुखवायचं होतं, एका परक्या माणसाची अब्रू कशाला लावायची पणाला. त्याचा, कारण त्याच्यामुळे माझ्या बहिणीला एका चांदीच्या बाईशी भांडायची वेळ आली, आणि तेही चोरून, दवाखान्यात जाऊन.

"परत जाऊ या," मी म्हणाले. "अजून सगळे तिथंच असतील. एलवुड, तू उभा राहा आणि सांग की मत चुकलं. डॉक्टरांना घरून बोलावून आण. ते तोंड मिटून गेले ते हिच्यासाठी."

"काय सांगू?" तो म्हणाला.

"खरं सांग."

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. "नाही," म्हणाला. "घरी चल."

म्हणजे बायकोनं केलं हे चारचौघांत सांगण्यापेक्षा डॉक्टर बाहेर राहिलेला परवडला. मी गिअर इतक्या जोरात टाकला की वर्नाचं डोकं मागे आपटलं, आणि मी माफी मागितली नाही.

घरी पोचलो. स्वयंपाकघराला अजून रंगाचा वास होता. वर्ना कोट न काढता टेबलाच्या आपल्या बाजूला जाऊन बसली. एलवुड भिंतीला हात लावत लावत आला आणि आपल्या खुर्चीत बसला. दोघांच्या मध्ये टेबल, त्यावर काही नाही. डॉलर त्याच्या खिशात होता की मुठीत, मी बघितलं नाही. मी पायचा डबा ओट्यावर ठेवला आणि आता निघावं म्हणून वळले.

एलवुडनं मान तिरपी केली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कडेकडेनं काही सापडतंय का बघायला. त्याला तिचे खांदे दिसत असतील, आणि मागची नवी पिवळी भिंत.

"आर्लीन," तो हळूच म्हणाला. तिला ऐकू जाणार नाही असं वाटलं असावं त्याला, एवढ्याशा स्वयंपाकघरात. "तिचं तोंड आत्ता कसं दिसतंय, तेवढं सांग मला."

वर्ना माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड कसं दिसत होतं ते मला दिसत होतं. मी सांगू शकले असते. पट्टी वाचून दाखवली तसं तेही वाचून दाखवलं असतं.

"तिलाच विचार," मी म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.